मेमरी कुणी धरून ठेवली आहे? : पोलिंग करणाऱ्या वेब ॲपविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न (तुर्भे): एपीएमसी मार्केटमधल्या गाळ्यांसाठी भावफलकाचं ॲप केलंय. दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारून (म्हणजे पोलिंग करून) भाव येतात. सकाळी पान छान चालतं, दुपारी टॅब हलेनासा होतो. रिफ्रेश करून वेळ मारून नेतो. ब्राउझरचा दोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. दर ५ सेकंदांनी म्हणजे तासाला ७२० उत्तरं. प्रत्येकातलं थोडंसं जरी मागे राहिलं तरी दुपारपर्यंत ढीग होतो. जिथवर एखादा जिवंत संदर्भ पोचतो, ती मेमरी गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा ब्राउझरचा भाग) सोडवत नाही. म्हणून शोधायचं ते एवढंच: कोण धरून बसलंय?

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीच्या साधनांमध्ये) मेमरी पॅनेल उघडा. पान स्थिरावलं की एक हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय आहे याची नोंद) घ्या, वीसेक मिनिटांनी दुसरा, आणि 'कंपॅरिझन'मध्ये काय वाढलं ते पाहा. वाढलेला ऑब्जेक्ट निवडलात की खाली 'रिटेनर्स'मध्ये त्याला धरणारा सापडतो. तुमच्या फलकात माझा पहिला संशय जुने भाव साठवणाऱ्या ॲरेवर (यादीवर) आहे. तिला कमाल मर्यादा घाला. दुसरा आलेखावर: चार्ट.जेएस (आलेख काढणारी लायब्ररी) वापरत असाल तर नवा आलेख काढण्याआधी जुन्यावर 'डिस्ट्रॉय' चालवलंच पाहिजे. 'डिटॅच्ड' असा फिल्टर लावला की पानावरून काढलेल्या पण कोडने न सोडलेल्या भावांच्या ओळीही दिसतील. आणि मोजण्याआधी कन्सोलवर छापणारे कन्सोल-लॉग काढून टाका. डेव्हटूल्स उघडं असताना छापलेले ऑब्जेक्ट कन्सोलच धरून ठेवतो, आणि तपास भलतीकडे जातो.

प्रश्न (ऐरोली): रिॲक्टमध्ये (स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) दुसऱ्या स्क्रीनवर गेलो तरी जुन्या स्क्रीनच्या रिक्वेस्ट चालूच राहतात. शिवाय डेव्हलपमेंटमध्ये त्या दुप्पट होतात.

उत्तर: यूज-इफेक्टमधून (स्क्रीन दिसल्यावर कोड चालवणारी रिॲक्टची सोय) क्लीनअप फंक्शन, म्हणजे स्क्रीन जाताना आवराआवर करणारं फंक्शन, परत करा. त्यात टायमर थांबवणारं क्लिअर-इंटरव्हल हवं, आणि अर्धवट राहिलेल्या फेचसाठी (सर्व्हरकडच्या रिक्वेस्टसाठी) ती रद्द करणारा ॲबॉर्ट-कंट्रोलर. टायमर जिवंत असेपर्यंत त्याच्या कॉलबॅकने (वेळ झाली की चालणाऱ्या फंक्शनने) पकडलेला सगळा डेटाही जिवंत राहतो. रिॲक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोड डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवतो, तो नेमकी हीच चूक दाखवायला. दुप्पट रिक्वेस्ट दिसतात म्हणून तो बंद करू नका!

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): सर्व्हर मंदावला की पान जास्तच फुगतं. असं का?

उत्तर: ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा कोड चालवणारं सेट-इंटरव्हल आधीच्या उत्तरासाठी थांबत नाही. एचटीटीपी १.१ वर क्रोम एका होस्टशी एका वेळी ६ जोडण्याच उघडतो. बाकीच्या रिक्वेस्ट आपापल्या डेटासह रांगेत साचतात. उत्तर आल्यावरच सेट-टाइमआउटने (एकदाच चालणाऱ्या टायमरने) पुढची फेरी लावा. एरर आली तरी पोलिंग तुटू नये म्हणून ती ओळ 'फायनली'मध्ये (यश येवो वा एरर, शेवटी चालणाऱ्या भागात) लिहा, आणि प्रत्येक रिक्वेस्टला वेळेची मर्यादा ठेवा.