युगांडात पाण्याच्या कामाला जाण्याआधी सोलापुरातून काय शिकून जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी चालू आहे, प्रबंधासाठी उत्तर युगांडातल्या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या एका संस्थेबरोबर तीन महिने राहायचं आहे, तर तयारी काय करू?

व्हिसा आणि लशींचं खाली सांगतो, पण माझ्या मते पहिली तयारी हापशाची. युगांडाच्या खेड्यात तुमच्यासमोर जो पंप येईल तो बहुधा इंडिया मार्क २ च्या घराण्यातला असेल. तिथं त्याला यू-२ म्हणतात. या घराण्याचं मूळ आपल्याच भागात आहे. १९६० च्या दशकात बोअरवर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबापुरते घडवलेले होते, अख्खं गाव त्यावर पाणी भरायला लागल्यावर ते मोडायचे. त्यावर आधी जालन्यात आणि मग सोलापूर वेल सर्व्हिसमध्ये दांडा एकाच आसावर फिरणारं पोलादी हेड, म्हणजे पंपाचा जमिनीवरचा भाग, तयार झालं. बॉल बेअरिंग आणि चेनमुळे आतला रॉड सरळ वर-खाली जातो, तिरका ओढला जात नाही. हाच सोलापूर पंप पुढे युनिसेफच्या मदतीनं सुधारून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क २ झाला. म्हणजे शिकायची वस्तू तुमच्या दारात आहे.

आता शिकायचं कसं? विभागप्रमुखांचं पत्र घेऊन पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना भेटा आणि हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर आठवडाभर फिरायची परवानगी मागा. उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याकडे या पथकांना उसंत नसते, तेव्हाच जा. नुसते फोटो काढत उभे राहू नका, पाना हातात घ्या.

पंपाची रचना अशी. वर हेड आणि टाकी, खाली ३२ मिमीचे जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत, पाइपाच्या आत १२ मिमीचा कनेक्टिंग रॉड, आणि तळाला ६३.५ मिमी व्यासाचा सिलिंडर. सिलिंडर पाइपापेक्षा रुंद असल्यामुळे आतला पिस्टन पाइपातून वर येऊ शकत नाही. एक रबरी वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप बाहेर काढावे लागतात. ३० मीटर खोलीला दहा पाइप, दहा रॉड आणि आतलं पाणी धरून दीडशे किलोच्या आसपास वजन क्लॅम्पवर, म्हणजे पाइप पकडून धरणाऱ्या शिकंज्यावर, लटकतं. अपघात होतो तो इथंच. वरचा पाइप सोडण्याआधी खालचा पाइप क्लॅम्पमध्ये नीट बसला नसेल, किंवा क्लॅम्पचे दात झिजले असतील, तर सगळी माळ बोअरमध्ये जाते आणि ती परत काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं. याच घराण्यातल्या मार्क ३ पंपात पाइपच रुंद असल्यानं पिस्टन पाइप न काढता वर येतो, पण त्या पाइपांचं वजन बरंच जास्त, म्हणून तो खोल बोअरला सोयीचा नाही.

दोन चाचण्या मात्र पाठ करून जा, कारण तिथं रोज लागतील. एका मिनिटात दांड्याचे पूर्ण ४० झोके मारा आणि बादलीत पाणी मोजा. चांगला पंप १२ ते १५ लिटर देतो. १० च्या खाली आलं तर पंप उघडावा लागणार. दुसरी गळतीची: पाणी चालू झाल्यावर अर्धा तास पंप बंद ठेवा, मग पाणी यायला किती झोके लागतात ते मोजा. पाचापेक्षा जास्त लागले तर तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा एखादा जोड गळतोय. बाकी निदान हातालाच कळतं. दांडा एकदम हलका झाला आणि पाणी नाही, तर रॉड तुटलाय किंवा सुटलाय. दांडा डावी-उजवीकडे डुलतो, तर बेअरिंग गेलं.

इथला अनुभव तिथं कुठं फसवतो, तेही सांगतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी जड आणि बहुतेक करून अल्कधर्मी, त्यामुळे जीआय पाइप बरीच वर्षं टिकतात. युगांडात बऱ्याच ठिकाणी कुजलेल्या ग्रॅनाइट-नाइस खडकातलं पाणी मृदू आणि आम्लधर्मी असतं. पीएच ६.५ च्या खाली गेला की पाइपावरचा जस्ताचा थर उतरतो, लोखंड गंजतं, आट्यांपाशी पाइप पातळ होऊन तुटतो. पाणी तांबडं येतं, डाळ शिजवली की काळी पडते, कपड्यांवर डाग राहतात, आणि लोक पंप सोडून पुन्हा ओढ्यावर जातात. कागदावर तो पंप चालू असतो. म्हणून युगांडा सरकारनं २०१६ मध्ये नव्या पंपांना आणि दुरुस्तीत जीआय पाइप वापरणं थांबवलं. त्याऐवजी स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसी. जुने जीआय पंप अर्थातच उभे आहेत.

तांबडं पाणी पाइपामुळे की खडकामुळे, हे ओळखायची पद्धत सोपी आहे आणि तुमच्या प्रबंधाला खरा विषय देऊ शकते. पहाटे कुणी पाणी भरायच्या आधी पहिल्या झोक्यांचा नमुना घ्या. पाइपात मीटरला सुमारे एक लिटर पाणी रात्रभर उभं असतं, म्हणजे ३० मीटरच्या पंपात पहिले ३० लिटर हे पाइपात साचून राहिलेलं पाणी. मग तासभर सलग उपसून पुन्हा नमुना घ्या. लोहाचं प्रमाण झपाट्यानं उतरलं तर दोष पाइपाचा. तेवढंच राहिलं तर लोह जमिनीतलं, पाइप बदलून फायदा नाही. पीएच जागेवरच मोजा. बाटलीत भरून गावी आणलेल्या पाण्याचा पीएच हवेतल्या देवाणघेवाणीनं बदललेला असतो. मीटर रोज ४ आणि ७ पीएचच्या बफरवर (ठरलेला पीएच असलेल्या द्रावणावर) तपासायचा. ही बफरची पाकिटं इथूनच घेऊन जा, आडगावी मिळायची नाहीत.

यंत्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पंप बिघडल्यावर जातं कोण. आपल्याकडे ग्रामपंचायत वर्गणी भरते आणि पथक येतं. युगांडात देखभाल गावच्या पाणी वापर समितीवर सोपवलेली आहे, दुरुस्ती खासगी पंप मेकॅनिक करतो आणि पैसे घरटी गोळा होतात. पंप चालू असताना कुणी पैसे देत नाही, बंद पडल्यावर भांडणं. त्यामुळे प्रश्नावलीत ‘समिती आहे का’ एवढंच विचारलंत तर सगळीकडे ‘हो’ येईल. शेवटची दुरुस्ती कधी झाली, पैसे कुणी दिले, वॉशर कुठल्या गावच्या दुकानातून आणला, वही दाखवता का, हे विचारा. वही दिसली नाही तर उत्तर मिळालंच.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ संशोधनाच्या परवानगीला लागतो. आधी युगांडातल्या मान्यताप्राप्त नैतिकता समितीकडून प्रस्ताव मंजूर, मग तिथल्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेकडे नोंदणी. त्यासाठी स्थानिक संस्थेचं पत्र लागतं. निघायच्या चार-पाच महिने आधी सुरुवात करा. पर्यटक व्हिसावर जाऊन गावात प्रश्नावल्या भरणं अनेक जण करतात, तुम्ही करू नका. माहिती वापरता येत नाही आणि संस्थाही अडचणीत येते. कुठल्या प्रकारचा व्हिसा किंवा पास हवा, ते संस्थेकडून लेखी घ्या. पासपोर्ट नसेल तर त्याचं काम आजच सुरू करा.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते. केंद्रांना ठरावीक वार असतात, म्हणून महिनाभर आधी वेळ घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते युगांडात शिरताना लागतंच, शिवाय परतताना आपल्या विमानतळावरही मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मूळ पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत असू द्या.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. डॉक्सिसायक्लिन दिली तर रोज १०० मिलिग्रॅम, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. लोक घरी आले की गोळ्या थांबवतात, तिथंच घोटाळा होतो. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि तिनं ऊन फार बाधतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे न्या.

पैशांचं: डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या घ्या, जुन्या मालिकेच्या किंवा फाटक्या नोटा तिथं नाकारतात, आणि छोट्या नोटांना दर कमी मिळतो. पोचल्यावर पासपोर्ट दाखवून सिम आणि मोबाइल मनी सुरू करा, मेकॅनिकपासून खानावळीपर्यंत सगळे त्यावर पैसे घेतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. जेवण म्हणजे मक्याचा घट्ट पोशो, राजमा आणि शेंगदाण्याचा रस्सा. शेंगा चटणीवर वाढलेल्या सोलापूरकराला त्याचं काही वाटणार नाही. चटणी न्यायचीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, आणि केनियामार्गे जाणार असाल तर प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग सामानात ठेवू नका, तिथं २०१७ पासून त्यांवर बंदी आहे.

तळ्यात किंवा संथ ओढ्यात अनवाणी उतरू नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया या कृमींच्या आजाराचा जंतू कातडीतून आत शिरतो. नमुन्यासाठी उतरावंच लागलं तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, आणि उतरला असाल तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर केसपेपरवर आधी ‘युगांडात राहून आलो’ हे लिहून घ्यायला लावा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा.