मुंबईची एक दिवसाची देवळं-मार्केट टूर: तारीख नका बघू, तिथी बघा (लांबलंय, सॉरी)

तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. आई-बाबा आणि मामी लातूरहून येणार, तुम्हाला मंगळवारचीच सुट्टी मिळतेय, एका दिवसात सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, मुंबादेवी आणि वर क्रॉफर्ड मार्केट-भुलेश्वरची खरेदी, आणि त्यासाठी गाइडवाली एसी टूर बुक करू का. अहो हे मी केलंय. अगदी हेच. मंगळवारसकट.

आधीच सांगतो, मी ट्रॅव्हलवाला नाही, डोंबिवलीचा साधा नोकरदार माणूस आहे, आणि माझा अनुभव २०१८ चा आहे, त्यामुळे रेट वगैरे मला विचारू नका. पाणी घ्या, टोपी घ्या, हे पण सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतंच.

तर २०१८ चा नाताळ. २५ डिसेंबर, मंगळवार, ऑफिसला सुट्टी. बार्शीहून आमची आत्या आली होती, वय तेव्हा बहात्तर, गुडघे दुखायचे पण हिंडायची. तिचं एकच होतं, सिद्धिविनायक बघायचा. बाकी मुंबई तुम्ही दाखवाल ती बघते. मी किचनमधल्या कालनिर्णयवर लाल आकडा बघितला, सुट्टी आहे म्हटलं, आणि दादरच्या एका टूरवाल्यांच्या ऑफिसात जाऊन पाच जणांचे पैसे भरून आलो. मी, बायको, आई, बाबा, आत्या. त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात अंगारक संकष्ट चतुर्थी लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही.

आणि यातली खरी मजा ऐका. आईला वाटलं मी मुद्दाम अंगारकी बघून बुक केलंय. आठवडाभर ती फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होती, पोरानं बघा कसा बरोब्बर दिवस साधला. मी समोर बसून ऐकतोय, मला वाटतंय ती नाताळच्या सुट्टीबद्दल बोलतेय.

सकाळी सव्वानऊला मिनीबस प्रभादेवीला पोचली तेव्हा ट्यूब पेटली. रांगेचं शेपूट कुठे आहे तेच दिसेना. अंगारकीला लोक आदल्या रात्रीपासून उभे असतात हे मुंबईत राहणाऱ्या माणसाला माहीत नसावं म्हणजे कमालच आहे, पण मला सुचलं नाही खरं. गाइड पोरगा उठला, माइकवर म्हणाला की रांग पाच-सहा तासांची आहे आणि आपल्याकडे इथे चाळीस मिनिटं आहेत, तर सगळ्यांनी कळस दर्शन घ्यावं, कळसाचं पुण्य पण तेवढंच असतं.

आत्याने बार्शीहून दुर्वा आणल्या होत्या. एकवीसची जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळून, ते फडकं ती रात्री परत ओलं करून खिडकीत ठेवायची. ती बसमधून उतरली, रस्त्यातूनच कळसाला हात जोडले, आणि मग सरळ रांगेपाशी गेली आणि कठड्याच्या पलीकडे एक कॉलेजातला मुलगा उभा होता त्याच्या हातात ती जुडी दिली. म्हणाली, "लेकरा, तेवढं माझ्या वतीनं वाहा." तो पण चांगला होता, म्हणाला आजी नाव सांगा. तिने नाव, गाव, गोत्र सगळं सांगितलं. मी मागे उभा राहून बसवाल्याकडे बघत होतो कारण तो हॉर्न मारत होता.

पुढची गंमत हाजी अलीला. महालक्ष्मी तशी बरी झाली, अर्ध्या तासात बाहेर. गाइडने तिथे वरळीच्या खाडीवर बांध घालताना तो टिकेना, मग देवी स्वप्नात आली आणि समुद्रातून मूर्ती काढली ती दंतकथा सांगितली, ती चांगली सांगितली, मान्य करतो. (देऊळ १८३१ चं, धाकजी दादाजींनी बांधलेलं, हे आपण विचारलं तर त्याला येत नव्हतं.) मग जेवण. थाळी पैशात धरलेली. आई, आत्या, बायको तिघींना उपास, चंद्रोदय रात्री नवाच्या आसपास, त्यामुळे तीन थाळ्यांचे पैसे पाण्यात आणि तिघी केळी खाऊन बसल्या. मग कुठल्याशा हँडिक्राफ्टच्या दुकानात पाऊण तास, यावर बोलतच नाही, ज्याने गायडेड टूर केलीय त्याला माहितीये. आणि मग दोन-अडीचला हाजी अली, तर पायवाट पाण्याखाली! भरती. वॉचमन कोणाला सोडत नव्हता. पाणी उतरेपर्यंत थांबा म्हणाला, आणि बस तर थांबणार नाही.

आता मुद्दा. आपले कोकणातले कोळी लोक एक साधा हिशेब करतात, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं पुढंमागं होतं, आणि अचूक आकडा हवा तर महापालिका रोजचं टाइमटेबल देतेच, पण अंदाजाला हा हिशेब पक्का आहे. मला हे नंतर अलिबागच्या एका सहकाऱ्याने सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. म्हणजे बघा, एकाच चतुर्थीने माझा सिद्धिविनायकही घालवला आणि हाजी अलीही. संकष्टीला दुपारी हाजी अलीला जाणं म्हणजे भरतीला भेटायला जाणं. तेच सकाळी आठ-नऊला गेलो असतो तर ओहोटी होती, कोरड्या पायांनी जाऊन आलो असतो. टूरवाले हे रोज करतात ना? त्यांच्या प्रोग्रॅममध्ये वर्षभर हाजी अलीची वेळ एकच छापलेली, आणि समुद्र मात्र रोज पाऊण तास पुढे सरकतो.

परत आल्यावर मी त्या ऑफिसात गेलो. भांडायला नाही हो, चौकशीला. काउंटरवरच्या गृहस्थांना म्हटलं, बुकिंग घेताना अंगारकी आहे हे सांगायला काय झालं होतं, तुमचा तर धंदा आहे हा. ते म्हणाले, "साहेब, आम्ही गाडी दिली, गाइड दिला. दर्शन देवाच्या हातात." वर पावतीच्या मागे छापलेलं दाखवलं, दर्शन गर्दीनुसार. मी म्हटलं थाळ्यांचे तरी द्या, तर म्हणे ते हॉटेलवाल्याकडे मागा. तीन चकरा मारल्या, मेल केले, शेवटी पुढच्या टूरवर सूट असं कूपन पाठवलं. पुढची टूर! ते कूपन अजून माझ्याकडे आहे. पैशाचं एवढं नाही, पण आत्या त्यानंतर मुंबईला आली नाही, आता गुडघ्यांमुळे येणं शक्यही नाही, आणि तो एक दिवस मी बुधवारी घेतला असता तर.

म्हणून, माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या. मंगळवार सोडा. चतुर्थी नसली तरी सोडा. वाराचं गणित असं आहे की सोमवारी बाबुलनाथला गर्दी, मंगळवार सिद्धिविनायकाचा, गुरुवार-शुक्रवार हाजी अलीला तोबा गर्दी, शुक्रवारी महालक्ष्मी पण आणि चोर बाजारची दुकानं बंद, रविवारी मंगलदास मार्केट बंद आणि झवेरी बाजार बराचसा बंद. शनिवारी निम्मा महाराष्ट्र मुंबईत. उरला बुधवार. एक सिक लीव्ह टाका सरळ, आईबापांसाठीच टाकताय. आणि तो बुधवार संकष्टी किंवा विनायकी नाही ना तेवढं बघा.

टूर घ्यायचीच असेल तर बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारा, "आत जाऊन दर्शन की बाहेरून?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. "कव्हर करतो" असं म्हणाले की समजा बाहेरून. मी स्वतः आता देवळांसाठी टूर घेणार नाही. दिवसभराची टॅक्सी करा किंवा मेट्रोने जा, भुयारी मेट्रोला आता सिद्धिविनायक नावाचंच स्टेशन आहे, काळबादेवीचं पण आहे, गुडघेवाल्यांना लिफ्टचा मोठा आधार. सकाळी सातच्या आत सिद्धिविनायक, ज्येष्ठांची वेगळी सोय असते ती गेटवर विचारा आणि आधार कार्ड जवळ ठेवा. (कपड्यांचा नियम पण आलाय आता, तोकडे कपडे चालत नाहीत, बरोबर पोरं असतील तर सांगून ठेवा.) मग भरती बघून महालक्ष्मी आधी की हाजी अली आधी ते ठरवा, दोन्ही जवळजवळच आहेत. मार्केटमधली बरीचशी दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत त्यामुळे ते शेवटी.

गाइड मात्र मार्केटसाठी घ्या, दोन-तीन तासांचा, चालणारा, आणि त्या गल्ल्यांमध्ये वाढलेला. इथे गाइडचा खरा उपयोग. मोठी गाडी त्या गल्ल्यांत जातच नाही, आमची बस क्रॉफर्ड मार्केटपाशी थांबली आणि गाइड म्हणाला तासाभरात या. त्याने सांगितलेली एकच माहिती म्हणजे मशीद बंदर स्टेशनचं नाव समोरच्या जामा मशिदीवरून पडलं. साफ चूक! ते ज्यू लोकांच्या सिनेगॉगवरून पडलंय असं मानतात, सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ ला बांधलेलं, म्हणजे आपले कोकणातले बेने इस्राएल, घरी मराठी बोलणारे, आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाला पण लोक मशीदच म्हणायचे. जामा मशिदीची गोष्ट वेगळी आणि तीही भारी आहे, १८०२ ची, खाली जुना तलाव आहे आणि कमानी पाण्यातून वर आल्यात. नमाजाची वेळ सोडून दारावर विचारून बघा, सोडतात न सोडतात, त्यांची मर्जी.

क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा फुले मंडईत, फळं घेण्याआधी दाराच्या वर मान करून बघा, शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत, शिल्पकार लॉकवुड किपलिंगच्या हातची, १८६९ ची इमारत. मुंबादेवीचं मूळ देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं, तिथून इकडे आलं. खरेदीत मामींना मंगलदासमध्ये कापड बघू द्या आणि तुम्ही बाहेर बसा, आत पुरुषांचं काही काम नाही.

आणि भुलेश्वरचा पांजरापोळ चुकवू नका. एवढ्या गर्दीत मध्येच शेकडो गाई. १८३२ ला इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, त्यावरून पारशांनी दंगा केला, आणि मग १८३४ ला जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींनी हा आसरा काढला. त्या अख्ख्या दिवसात आत्या मनापासून हसली ती इथेच. दारात बाई गवताच्या पेंढ्या विकत होती, मी हौसेने पैसे काढले, तर आत्या म्हणाली, "आरं, आपल्या दारात आठ जनावरं हायती, अन् हितं पैकं दिऊन चारा घालायचा व्हय?" मग स्वतःच दोन पेंढ्या घेतल्या. एका गाईच्या गळ्याखाली खाजवत उभी राहिली, गाय पण मान लांब करून उभी, गाइडचा फोन येईपर्यंत.

चपलांचं राहिलं. प्रसादाच्या दुकानात फुकट ठेवा म्हणतात पण मग तिथलंच ताट घ्यावं लागतं, त्यामुळे आधी भाव विचारा. लेसचे बूट नकोत.

तुमची तारीख पक्की झाली की इथे टाका, तिथी बघून भरती किती वाजता ते सांगतो. तेवढं येतं मला आता.