‘दिवाळीनंतर बघू’ आणि तुमची दोन वर्षं

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाची घरची सात सीटची डिझेल गाडी. सकाळी सुरू केली की इंजिनात टकटक, आत धुराचा वास. अमरावतीच्या एका सर्व्हिस सेंटरनं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे धूर गळू न देणारी चकती, बदललं म्हणून रोख साडेआठ हजार घेतले. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग ‘मिस्त्री सुट्टीवर आहे’, ‘दिवाळीनंतर बघू’. केस होईल का, असं विचारतात. महिन्याला अशी चार पत्रं येतात, फक्त यंत्र बदलतं.

होईल, भाऊ. पण मी आधी जॉबकार्डावरची, म्हणजे गाडी घेताना सेंटरनं भरलेल्या कामाच्या कागदावरची तारीख पाहिली. 2 सप्टेंबर, मागच्याच्या मागचं वर्ष. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रार 2 वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. तुमच्याकडे जेमतेम दीड महिना उरलाय. बिघाड पुन्हा दिसला तिथून मोजा, असा वाद घालता येतो. त्या आठ दिवसांच्या भरवशावर राहू नका. फोनवरच्या ‘बघू’नं मुदत वाढत नाही, नुसत्या नोटिशीनंही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘ते टाळत राहिले’ हे कारण ग्राहक आयोग मानेलच असं नाही. पेरणीची तारीख बरी लक्षात राहते तुमच्या!

अमरावतीला खेटे नकोत. तुम्ही राहता तिथला, म्हणजे यवतमाळचा जिल्हा आयोग चालतो. एवढ्या रकमेला फीही नाही. निकालाला कायद्यात 3 महिने लिहिलेत, तपासणी लागली तर 5. त्यावर विसंबून काही ठरवू नका.

तुमची अडचण पुराव्याची आहे. बिल मागितलं नाही, आणि जॉबकार्डावर तुमच्या सहीवर नुसतं ‘एक्झॉस्ट लीक चेक’ आहे, ‘गॅस्केट बदलले’ कुठंच नाही. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच, तेवढा आधार आहे. गावचा मिस्त्री म्हणतो, जुनंच गॅस्केट पेस्ट लावून बसवलं. असेलही. पण मॅनिफोल्ड वाकलं असेल तर नवंही टिकत नाही, आणि सेंटर नेमकं हेच म्हणेल. म्हणून सेंटरला आजच स्पीड पोस्टानं कळवा: अमुक तारखेला गाडी उघडतोय, हजर राहा. मग काजळीचे माग, पेस्टचे थर, मॅनिफोल्डवर स्टीलची पट्टी सपाट ठेवून दिसणारी फट, सगळ्याचे फोटो काढा. मिस्त्रीचं म्हणणं तारखेसह लेखी घ्या.

बाजाराच्या दिवशी चार सवाऱ्या नेतो, असं तुम्ही सहज लिहून गेलात. सेंटर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून त्यावर बोट ठेवेल, म्हणजे तुम्ही कायद्यातले ग्राहकच नाही म्हणेल. किती अडेल, ते कागद पाहूनच सांगता येईल. पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नंबरच्या गाडीवर, भाडं घेणं मात्र आजपासून बंद करा.

आणि केस चालू आहे म्हणून लेकरांना त्या धुरात बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फोटो झाले की मॅनिफोल्ड तपासून नवं गॅस्केट बसवा, बिल घ्या. निघालेलं जुनं गॅस्केट पिशवीत बांधून, वर तारीख घालून घरी आणा. मिस्त्रीच्या भंगारात राहिलं तर आयोगापुढे दाखवायला तुमच्याकडे काही उरणार नाही.