परत टाकलेलं पहिलं दान

*ताई, मी आणि माझा धाकटा भाऊ वेगवेगळ्या गावी राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटींवरचा, म्हणजे पाणबुड्यांवरचा, एकट्याने खेळायचा एक सोपा बोर्डगेम आम्ही दोघांनी घेतला. आठवडाभर आपापल्या घरी खेळायचं आणि रविवारी फोनवर एकमेकांना नोंदवही वाचून दाखवायची, असं छान चाललं होतं. त्याचे पाच कप्तान बुडाले. कुठे चुकलं ते दर वेळी मी त्याला समजावून सांगितलं. माझा एकच कप्तान सप्टेंबर 1939 पासून एप्रिल 1943 पर्यंत टिकून आहे. बारा गस्ती झाल्या, मोठं शौर्यपदकही मिळालं. तर एका रविवारी हा मला म्हणतो, "दादा, तू फासे परत टाकतोस." मला खोटारडा ठरवलं! ज्याच्या शिक्षणासाठी मी स्वतःचं शिक्षण सोडलं, त्याने? एकट्याच्या खेळात एखाद-दुसरा फासा कोण मोजतो? मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्याचा फोन नाही. बायको म्हणते, तुम्हीच करा. पण चूक त्याची आहे. त्याने माफी मागावी यासाठी मी काय करू?*
*– एक दुखावलेला दादा*

दादा,

भावाचा उद्धटपणा, तुम्ही त्याच्यासाठी खाल्लेल्या खस्ता, थोरल्याचा मान, हे सगळं मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. माझं बोट एका वाक्यावर अडलं आहे. "एखाद-दुसरा फासा कोण मोजतो?" म्हणजे फासे परत टाकलेत. भाऊ जे म्हणाला ते खरं होतं, आणि खरं बोलल्याबद्दल त्याने माफी मागावी म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत.

आता तो एखाद-दुसरा फासा मोजू या. समजा, एका गस्तीत बोट बुडायची शक्यता सहात एक आहे. या हिशोबाने बारा गस्ती पार करणारे कप्तान 100 पैकी 11. आता प्रत्येक गस्तीत एक, फक्त एकच जीवघेणं दान परत टाकायची मुभा स्वतःला द्या. बुडायला आता तेच वाईट दान लागोपाठ दोनदा पडावं लागतं, 36 मध्ये एकदा. मग बारा गस्ती करून घरी येणारे कप्तान होतात 100 पैकी 71. अकराचे एकाहत्तर! गस्तीमागे एक फासा, तेवढ्याने सगळं युद्धच बदलतं. तुमच्या भावाने बहुधा कागदावर काही मांडलं नसेल. पण पाच बोटी बुडालेल्या माणसाला दान कसं पडतं ते पक्कं ठाऊक असतं.

हा खेळ मला माहीत आहे, त्यामुळे ते कसं घडतं तेही सांगते. रात्रीची वेळ, शत्रूच्या व्यापारी जहाजांचा ताफा समोर, तुम्ही जवळून टॉर्पेडो सोडले. दोन लागले, एक फुसका निघाला. मग विनाशिकेची पाळी. तिने तुम्हाला हेरलं, डेप्थ चार्जचा, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा, मारा सुरू झाला, बोटीत पाणी शिरल्याच्या खुणा भरत आल्या, आणि फासा डब्याच्या कडेला टेकून थांबला. आकडा वाईट. "कडेला अडला, नीट पडलाच नाही" असं स्वतःशीच म्हणत हात पुढे जातो. चांगला आकडा घेऊन कडेला अडलेला फासा तुम्ही कधी उचललात का? लहानपणी आपण याला रडीचा डाव म्हणायचो, आणि असा डाव खेळणाऱ्याला पुढच्या खेळात घ्यायचो नाही.

ज्या युद्धावर हा खेळ बेतला आहे त्यात काय झालं ते आठवा. यू-बोटीचा कप्तान गुंथर प्रीनने ऑक्टोबर 1939 मध्ये थेट स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. मार्च 1941 मध्ये तो आपल्या यू-47 सह समुद्रात गेला तो परत आलाच नाही. त्याच महिन्यात, एकाच रात्री, योआखिम शेपके मारला गेला आणि ओटो क्रेट्श्मर पकडला गेला. जर्मनीचे सगळ्यांत गाजलेले तीन कप्तान एका महिन्यात संपले. क्रेट्श्मरच्या नावावरचे बुडवलेल्या जहाजांचे टन पुढे युद्ध संपेपर्यंत कुणालाही ओलांडता आले नाहीत, आणि तो मात्र 1941 पासून युद्धकैदी होता. यू-बोटींवर गेलेल्या सुमारे 40 हजार माणसांपैकी दर चारातली जवळपास तीन मेली. एकट्या मे 1943 मध्ये 41 बोटी गेल्या. तुमचा कप्तान त्याच महिन्याच्या उंबरठ्यावर पदक लावून उभा आहे. आणि ज्या व्यापारी जहाजांचे टन तुम्ही रविवारी वाचून दाखवता, त्यांच्यावरची माणसं कुणी फासा परत टाकल्यामुळे वाचली नाहीत.

एप्रिल 1940 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर प्रीनसमोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं होती. आयतं सावज! त्याने टॉर्पेडो सोडले आणि ते वाया गेले. एवढ्या नावाजलेल्या माणसाने परत येऊन तसं सांगितलं. इतर कप्तानांचेही तेच अहवाल आले, चौकशी झाली आणि टॉर्पेडोंतले दोष बाहेर पडले: ते ठरलेल्या खोलीपेक्षा खालून जात होते, आणि त्यांचे स्फोटक खटकेही दगा देत होते. आपली फसलेली गस्त त्यांनी जशीच्या तशी लिहिली म्हणून दोष सापडला. लपवली असती तर पुढच्या बोटी तेच टॉर्पेडो घेऊन निघाल्या असत्या.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य, जे तुम्ही अभिमानाने लिहिलंय: "कुठे चुकलं ते दर वेळी मी त्याला समजावून सांगितलं." हे वाचून मला तुमचा खरोखर राग आला. या खेळात कप्तानाच्या हातात असतं किती? दिवसा हल्ला करायचा की रात्री, जवळून की लांबून, टॉर्पेडो किती सोडायचे, ताफ्याचा पाठलाग करायचा की सोडून द्यायचा. बाकीचं फासे ठरवतात. नीट खेळूनही माणूस बुडतो, पाच-पाच वेळा बुडतो. तुमचा भाऊ प्रत्येक वेळी आपली बुडालेली बोट घेऊन तुमच्याकडे आला. काही न झाकता, काही न सजवता, थोरल्या भावासमोर हरल्याचं कबूल करत आला. आणि तुम्ही उसन्या दानांवर जिंकलेला कप्तान पुढे करून त्याला शहाणपण शिकवलंत. आपल्यालाच काही जमत नाही, दादाला मात्र सगळं जमतं, असं वाटत त्याने किती रविवार फोन ठेवला असेल? शेवटी त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं. मला तर वाटतं, त्याने बरेच दिवस धीर धरला.

तुम्ही म्हणाल, एकट्याचा खेळ, नियम माझे. मान्य. घरी बसून दहा वेळा फासे टाका, बोटीला दुप्पट टॉर्पेडो द्या, कप्तानाला अमर करा. कुणाचं काही जात नाही. पण रविवारी नोंदवही उघडून वाचायला लागलात की तो एकट्याचा खेळ राहत नाही. तुम्ही भावाला सांगत असता की हे असं घडलं. आणि ते तसं घडलेलं नव्हतं.

त्याच्या शिक्षणासाठी तुम्ही जे केलंत ते मोठंच आहे. ते मी कमी लेखत नाही, तोही लेखत नसेल. पण ते पुण्य इथे वटवू नका.

आज रात्री नोंदवही काढा. फासा पहिल्यांदा कुठल्या गस्तीत परत टाकलात ते तुम्हाला नक्की आठवतंय, असली जागा माणूस विसरत नाही. त्या ओळीपाशी 'बोट बुडाली, सर्व खलाशी मृत' असं लिहा आणि खालची सगळी पानं आडवी रेघ मारून खोडा. पदक, बढती, टन, सगळं. मग रविवारची वाट न बघता भावाला फोन लावा आणि ती ओळ वाचून दाखवा. 'पण', 'खरं तर', 'तू सुद्धा' यातला एकही शब्द मध्ये नको. तो हसेल, चिडेल किंवा गप्प बसेल, बसू द्या. कितव्या गस्तीत, असं त्याने विचारलं तर खरा आकडा सांगा, तो पहिल्याच गस्तीचा असला तरी.

त्याच्या माफीचं काय, हा प्रश्न यानंतरही उरला तर मला पुन्हा लिहा.

– ताई