सेव्हिलमध्ये व्हीगन लेकीनं खायचं काय?

प्रश्न: माझा मुलगा स्पेनमध्ये सेव्हिलला मास्टर्स करतोय, मे महिन्यात मी आणि धाकटी लेक त्याच्याकडे जाणार आहोत. लेक वर्षभरापासून पूर्ण व्हीगन आहे, दूध-दही-तूप बंद, मधसुद्धा नाही. मुलगा म्हणतो इथे जिकडेतिकडे डुकराचं मांस टांगलेलं असतं, हिचे हाल होतील. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि रेडी टू ईटची पाकिटं बॅग भरून न्यायची का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, पुऱ्या पहिल्या दिवसापुरत्या न्या, बॅग भरून अजिबात नको. मुलगा खोटं सांगत नाहीये, बारमध्ये डोक्यावर खामोनच्या म्हणजे मीठ लावून सुकवलेल्या डुकराच्या तंगड्या लटकत असतात आणि लेकीला ते बघून वाईट वाटणार. पण त्याच बारच्या पाटीवर बघा, 'एस्पिनाकास कोन गारबान्सोस' असेल, पालक आणि काबुली चणे, त्यात जिरं, लसूण, लाल मिरचीची पूड आणि तेलात तळून कुटलेला पाव, सगळं ऑलिव्ह ऑइलमध्ये. ही सेव्हिलची स्वतःची डिश आहे, कोणी व्हीगन लोकांसाठी मुद्दाम काढलेली नाही, म्हणून तर मला ती इतकी आवडते. एल रिंकोन्सियो नावाचा १६७० सालचा बार आहे तिथे, हीच डिश तिथली फेमस, आणि वेटर तुमचं बिल समोरच्या लाकडी काउंटरवरच खडूने लिहितो. लेकीला तिथे नक्की न्या.

तसंच गाजराचे तुकडे उकडून व्हिनेगर, जिरं, लसूण लावून थंड देतात ते, आणि मेमध्ये ऊन तापायला लागलं की गास्पाचो, टोमॅटो, काकडी, सिमला मिरचीचं गार सूप. त्याचाच दाट भाऊ साल्मोरेखो पण व्हीगनच बनतो, फक्त देताना वरून खामोन आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात, तेव्हा ऑर्डर देतानाच 'सिन खामोन, सिन उएव्हो' म्हणायचं, सिन म्हणजे शिवाय. तळलेली वांगी 'मिएल दे कान्या' घालून मिळतात, ती आपली काकवीच हो, उसाची! पण काही ठिकाणी मधमाशीचा मध घालतात म्हणून विचारून घ्या, आणि वांगी आधी दुधात भिजवली होती का तेही विचारा. मासे तळलेल्याच तेलात तळलेलं तिला चालणार नसेल तर मग वांगी सोडाच.

आता खरी गोम सांगते. नुसतं 'मी मांस खात नाही' म्हणून भागत नाही, कारण डाळीत चोरिसोचा म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचा तुकडा, भाजीत खामोनचे बारीक तुकडे, भातात माशाचं पाणी, हे तिथे बऱ्याच जणांना मांस घातल्यासारखं वाटतच नाही. म्हणून डिशकडे बोट दाखवून एकेक गोष्ट विचारायची. 'येवा खामोन? येवा काल्दो?' म्हणजे यात खामोन आहे का, मांसाचं किंवा माशाचं उकळलेलं पाणी आहे का. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलवाल्यांना १४ अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची माहिती द्यावीच लागते, त्यात दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे येतात, तेव्हा तो तक्ता मागा, बिनधास्त मागा. मात्र मांस, चरबी आणि मध त्या यादीत नाहीत, ते तोंडीच विचारावं लागतं.

सकाळचा नाश्ता सगळ्यात सोपा. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि टेबलावरच्या बाटलीतून हवं तेवढं ऑलिव्ह ऑइल, सोबत ओट किंवा सोयाच्या दुधाची कॉफी. पण पावाला लावायला लालसर काहीतरी वाटीत दिसलं आणि चटणी वाटली तरी हात लावू नका, ती डुकराची चरबी असते, पाप्रिका घातलेली. तिकडच्या खुसखुशीत बिस्किटांमध्येही, पोल्वोरोन वगैरे, बऱ्याचदा चरबी असते. चुर्रो म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या, त्या मैदा, पाणी, मिठाच्या, पण सोबतचं हॉट चॉकलेट बहुतेक ठिकाणी दुधातलं.

गोड हवं तर तोर्ता दे आसेइते घ्या, इनेस रोसालेस ब्रँडची, १९१० पासूनची, पातळ कुरकुरीत गोल, त्यात ऑलिव्ह ऑइल, तीळ आणि बडीशेपेसारख्या वासाचं आनीस, एकेक मेणकागदात गुंडाळलेली. साधी मूळची घ्या, ती पूर्ण व्हीगन आहे, कोर्दोबा-ग्रानादाच्या प्रवासात पण बॅगेत टिकते.

अजून एक, वेळेचं भान ठेवा. दुपारचं जेवण दीड-दोनला आणि रात्रीचं साडेआठनंतर, मधल्या वेळेत बऱ्याच ठिकाणी किचन बंद असतं आणि साडेसहाला भूक लागली की चिप्सशिवाय काही हाती लागत नाही. रविवारी बहुतेक सुपरमार्केटही बंद. मुलाला सांगा शनिवारीच हुमस, टोफू, डब्यातले शिजवलेले चणे आणि फळं आणून ठेव, आणि पाकिटावर 'लेचे' म्हणजे दूध आणि 'उएव्हो' म्हणजे अंडं हे शब्द ठळक छापलेले असतात तेवढे वाचायला लेकीला आत्ताच शिकवा.