मुलीला क्रिमिनल जस्टिसला घालू का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत आहोत. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सिटिझन आहे. कॉम्प्युटर नको, मेडिकल नको, क्रिमिनल जस्टिसच, म्हणजे पोलीस-कोर्ट-तुरुंग या यंत्रणेचा अभ्यास, करायचंय म्हणते. एका प्रायव्हेट कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळतेय, नुसती ट्यूशन वर्षाला 43 हजार डॉलर. बायको म्हणते पोलिसात जायला एवढे पैसे कशाला ओतायचे, मुलगी म्हणते पोलीस नाही गं, एफबीआय नाहीतर फॉरेन्सिक लॅब. हा खर्च वसूल होतो का हो?

उत्तर: दादा, वहिनींचं बोलणं झोंबणारं असलं तरी मुद्द्याचं आहे. या लाइनमध्ये पगार पोस्टचा असतो, डिग्रीचा नाही. बहुतेक पोलीस डिपार्टमेंटना हायस्कूल डिप्लोमा, म्हणजे आपली बारावी, पुरतो, अ‍ॅकॅडमीत ट्रेनिंग चालू असतानाही बऱ्याच ठिकाणी पगार मिळतो. काही ठिकाणी डिग्रीवाल्याला थोडे जास्त देतात हे खरं, पण डिग्री महागड्या कॉलेजची आहे म्हणून आणखी वर काही देत नाहीत.

अमेरिकेच्या कामगार खात्याचे 2023 चे आकडे बघा, मधला पगार म्हणजे मीडियन धरून सांगतेय. पोलीस आणि डिटेक्टिव्ह वर्षाला साधारण 75 हजार डॉलर, प्रोबेशन ऑफिसर (तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे) साधारण 62 हजार, जेलमधले करेक्शनल ऑफिसर 53 हजारांच्या आसपास. गंमत बघा, प्रोबेशनला सहसा डिग्री लागतेच आणि तिथला पगार डिप्लोमावर लागणाऱ्या पोलिसापेक्षा कमी! आता तुमचे 43 हजार गुणिले चार, म्हणजे 1 लाख 72 हजार, राहणं-खाणं वेगळंच. 2024-25 मध्ये आपल्याच राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीची सरासरी ट्यूशन 11,610 होती आणि कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजची, 4,050. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, पुढची दोन सरकारी युनिव्हर्सिटी केली तर चार वर्षांचे 31 हजार आणि काही शे. फक्त क्रेडिट, म्हणजे तिथे पास केलेले कोर्स, पुढे ट्रान्सफर होतील का हे आधी लेखी विचारून घ्या, तिथे लोक फसतात.

म्हणजे शिकूच नये असं नाही हं. पोलिसात बऱ्याच ठिकाणी 21 पूर्ण लागतात, तोवर पोरगी घरी बसून काय करणार, स्वस्तात शिकली तर बरंच.

एफबीआयचं म्हणाल तर स्पेशल एजंटला डिग्री हवी, पण कुठल्याही विषयाची चालते. अकाउंटिंगवाले, कॉम्प्युटरवाले, भाषा येणारे, सगळे लागतात त्यांना. वय 23 ते 36 आणि आधी साधारण दोन वर्षं फुलटाइम नोकरी केलेली हवी, त्यामुळे कॉलेजातून थेट तिकडे असं काही होत नाही. आणि एक गोष्ट मुलीला मुद्दाम सांगा, सरकारी स्टुडंट लोन बुडवलेलं निघालं तर एफबीआय दारातूनच परत पाठवते. म्हणजे ज्या नोकरीसाठी कर्ज काढलं, ती त्या कर्जापायीच हातची जायची.

फॉरेन्सिक लॅबबद्दल तर टीव्हीवाल्यांनी घोळच घालून ठेवलाय. लॅबमध्ये केमिस्ट्री, बायोलॉजी असल्या सायन्सच्या डिग्रीवाले घेतात, नुसत्या क्रिमिनल जस्टिसवर तिथं काम मिळणं अवघड. चार वर्षं झाल्यावर हे कळलेल्या मुलांना परत सायन्सचे कोर्स करायला बसावं लागतं.

आता कर्ज. मुलीच्या नावावर सरकारी लोन पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, मग दोन वर्षं 7,500, असं मिळून 27 हजारच मिळतं. कमी वाटतं ना, पण मला विचाराल तर तेवढ्यातच राहा. ती पुढे पोलीस, प्रोबेशन, कुठल्याही सरकारी खात्यात फुलटाइम लागली आणि ठरावीक प्लॅनमध्ये 120 हप्ते भरले तर पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस या कर्जमाफी योजनेत उरलेलं माफ होऊ शकतं. पण कॉलेज तुम्हाला पेरेंट प्लस, म्हणजे पालकांसाठीचं सरकारी कर्ज, सुचवेल, ते कर्ज तुमच्या नावावर, आणि मुलीच्या सरकारी नोकरीवर ते माफ होत नाही. तिने दहा वर्षं वर्दीत काढली तरी त्यापायी तुमचा एक डॉलरही माफ व्हायचा नाही.

कॉलेजचं एड लेटर, म्हणजे आर्थिक मदतीचं पत्र, आलं असेल तर ते घेऊन बसा. त्यात ग्रँट (परत न करायची मदत), स्कॉलरशिप, लोन सगळं एकाखाली एक लिहून खाली टोटल मारलेली असते, वाचून वाटतं वा, केवढी मदत! पेन्सिल घ्या, लोन किंवा प्लस लिहिलेली प्रत्येक ओळ खोडा, राहिलेलं फीमधून वजा करा. प्रायव्हेटवाले छापील फीमधून बरंच सोडतात कधीकधी, त्यामुळे उत्तर सरकारी युनिव्हर्सिटीच्या जवळपास आलं तर माझं काहीच म्हणणं नाही, खुशाल पाठवा.

पण त्याआधी पोरीला केमिस्ट्री आवडते का ते विचारा. हो म्हणाली तर कोर्सच बदलेल आणि हा सगळा हिशोब पहिल्यापासून मांडायला लागेल.