वाचकांचे प्रश्न : गावाचे नाव आणि त्यामागची कथा

प्रश्न : आमच्या गावाच्या नावामागे एका ऋषीची कथा सांगितली जाते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावांच्या नावांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास केला होता, असे वाचनात आले. अशी व्युत्पत्ती कशी ठरवतात आणि तीत स्थलपुराणातील कथा कितपत ग्राह्य धरतात? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : कथा त्याज्य नसते, परंतु ती बहुधा नाव रूढ झाल्यानंतर, त्याचा अर्थ लागेनासा झाल्यावर रचली गेलेली असते. त्यामुळे ती गावकऱ्यांच्या श्रद्धेविषयी बरेच काही सांगते, नावाच्या उगमाविषयी मात्र फारसे सांगत नाही. अभ्यासक आधी नावाचे जुन्यात जुने लिखित रूप शोधतो आणि त्यापासून आजचे रूप भाषेच्या ज्ञात नियमांनी सिद्ध होते का, हे तपासतो. पैठणचे उदाहरण या दृष्टीने फार चांगले आहे. ‘प्रतिष्ठान’मधला ‘प्र’ प्राकृतात ‘प’ झाला, ‘ति’मधला ‘त’ गळाला, ‘ष्ठ’चा ‘ठ’ आणि ‘न’चा ‘ण’ झाला. हे सर्व केवळ तर्काने मांडावे लागत नाही, कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरचे हे शहर ‘पैठाना’ याच नावाने आले आहे. म्हणजे पोथीत ‘प्रतिष्ठान’ लिहिले जात असतानाच बाजारात ‘पैठण’ बोलले जात होते. शिलाहारांच्या लेखांतील ‘स्थानक’पासून ठाणे आणि ‘करहाटक’पासून कऱ्हाड ही रूपेही अशीच नियमाने सिद्ध होतात.

तथापि जुना लेखही डोळे मिटून मानता येत नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्याच्या परिसरासाठी ‘पूनक’ आणि ‘पुण्य’ अशी दोन्ही रूपे आढळतात. ताम्रपटाचा मजकूर रचणारा पंडित बोलीतल्या नावाला संस्कृत पेहराव चढवीत असे, त्यामुळे ‘पुण्य’ हे मूळ नाव होते की तो पंडिताचा संस्कार होता, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

राजवाड्यांचे महत्त्व असे की, त्यांनी गावाच्या नावाला कागदपत्राइतकाच पुरावा मानले. १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी उत्तर कोकणातील वसाहतींचा विचार करताना ग्रामनामांचा आधार घेतला. एकट्या नावापेक्षा नावांचा समूह पाहावा, ही दृष्टी आजही उपयोगी आहे. त्यांची उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जवळपास प्रत्येक नाव संस्कृतपर्यंत नेण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे अनेक व्युत्पत्ती ओढूनताणून केल्यासारख्या वाटतात. पुढे कन्नड संशोधक शं. बा. जोशी यांनी महाराष्ट्रातील कित्येक स्थलनामे कन्नडकडे नेली, आणि तेथेही तोल नेहमी राखला गेला असे म्हणवत नाही. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली यांतील ‘वली’चा संबंध ‘पल्ली’ (लहान गाव, वस्ती) या शब्दाशी जोडला जातो; हा शब्द संस्कृत कोशांत असला तरी मूळचा द्राविड असावा, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

प्रश्न : ‘बाँबे’ हे नाव पोर्तुगीजांच्या ‘बॉम बाईया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून पडले, हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. पोर्तुगीज भाषेत ‘बाईया’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याचे विशेषण ‘बोआ’ व्हायला हवे; आपल्याच भाषेत पोर्तुगीज दर्यावर्दी अशी चूक करतील, हे संभवत नाही. शिवाय सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने ‘ताना-मैयांबू’ असा उल्लेख केला आहे, आणि त्यातला पहिला भाग ठाण्याचा व दुसरा मुंबईचा मानला जातो. मुंबादेवीच्या नावाशी ‘आई’ जोडून झालेले ‘मुंबई’ हे स्पष्टीकरणच अधिक समाधानकारक आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या नावाची जुनी रूपे कोठे पाहावीत? (एक वाचिका, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ चा ग्रंथ, पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तर आणि जिल्हा गॅझेटियर येथून आरंभ करावा. दफ्तरातील कागद मोडीत असल्याने ती लिपी शिकावी लागेल किंवा जाणकाराची मदत घ्यावी लागेल. इंग्रजी नकाशांवरील रूपांवर विसंबू नये. मुंबई बेटाच्या सीमेवरचे म्हणून ‘शीव’ म्हटले गेलेले ठिकाण त्याच लेखनामुळे ‘सायन’ होऊन बसले आहे. गावातील वृद्ध माणसे नाव कसे उच्चारतात हे जसेच्या तसे टिपून ठेवावे, आणि त्याच बैठकीत शिवारातील शेते, ओढे व माळ यांची नावेही विचारून घ्यावीत, कारण त्यांपैकी पुष्कळशी कोणत्याही नकाशावर नसतात.